टिबोर मोलनारचा जोडीदार

फोन आला तेव्हा इव्होन स्कॅफ स्वयंपाकघरात उभ्यानेच कालची मुजद्दरा खात होती. मसूर-भात, वर तळलेला कांदा. थंडगार.

"मॉमी बेंड ग्लास कारखान्यातून बोलतोय. रस ब्लँकेनशिप, मॅनेजर. काच पडलीय. माणसावर."

"माणूस कसा आहे?"

"जिवंत आहे. टोलेडोच्या हॉस्पिटलात नेलाय. मांडी फाटलीय, हाड मोडलंय. पण जिवंत आहे."

"काही हलवू नका," इव्होन म्हणाली. "आणि झाडू तर अजिबात मारू नका."

"अहो बाई, पाऊल ठेवायला जागा नाही इथे. सगळीकडे काच—"

"म्हणूनच सांगतेय. दोरी बांधा आणि सगळे बाहेर थांबा."

तिने ताट तसंच बेसिनमध्ये ठेवलं आणि बूट चढवले. विमा कंपनीसाठी अपघातांचा तपास करायचं काम तिने अर्धं आयुष्य केलं होतं. माणसं खोटं बोलतात याचं तिला वाईट वाटत नसे. ती आधी जमीन बघे, मग माणसं.

रॉसफर्ड गावात पोचेपर्यंत बर्फ भुरभुरायला लागला होता. कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये भट्ट्यांची ऊब होती, पण कुणी काम करत नव्हतं. मंडळी कॉफीचे पेले धरून घोळक्याने उभी होती.

रस ब्लँकेनशिप तिला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. दोरीच्या आत काच पसरली होती. कडक करायच्या भट्टीत अजून न गेलेली कच्ची काच. सुरीसारखे लांब तुकडे, मध्येच रक्त सांडलेलं, आणि त्याच्यामागे एक रिकामी लोखंडी घोडी.

चाकांची घोडी. इंग्रजी ए अक्षरासारखी, वर निमुळती, खाली रुंद. दोन्ही बाजूंना मोठाली तावदानं टेकवून उभी करायची, मध्ये कॉर्कच्या चकत्या घालायच्या, वरून पट्टा आवळायचा. काच मागे रेललेली असते, त्यामुळे पट्टा सोडला तरी ती जागची हलत नाही. सगळी सुरक्षितता त्या रेलण्यात.

"सरळ आहे सगळं," रस म्हणाला. "घोडीची भिंतीकडची बाजू काल संध्याकाळीच रिकामी झाली होती. इकडची बाजू भरलेली. सगळं वजन एकाच अंगाला. आज सकाळी पट्टा सोडला आणि घोडी कलंडली. दोन्ही बाजू सारख्या उतरवायच्या, हा नियम आहे. मारिसोलनं पाळला नाही."

"मारिसोल कोण?"

"मारिसोल क्विंटेरो. टिबोरची, म्हणजे जखमी झालाय त्याची, नवी जोडीदार. काल घोडी तिनेच लावली होती. तिला घरी बसवणार आहे मी."

इव्होनने घोडीकडे पाहिलं. "पण घोडी तर उभी आहे."

"म्हणजे?"

"कलंडली म्हणता ना? मग पडायला हवी होती. निदान जागची सरकायला तरी. हिला ओरखडासुद्धा नाही. पडली ती फक्त काच."

रसने दोरीवरून वाकून घोडी पाहिली.

"नंतर कुणी हात लावला हिला?"

"टिबोरला उचललं, आणि मी लगेच सगळ्यांना बाहेर काढलं. कुणीही नाही."

इव्होन गुडघ्यांखाली पोतं घालून खाली बसली. टॉर्च लावून तिने पुढची चाकं बघितली. काचेचे तुकडे सरकत येऊन चाकांना टेकले होते. चाकांच्या खाली मात्र फरशी स्वच्छ.

मग ती वळसा घालून मागे गेली. घोडी आणि भिंत यांच्यात जेमतेम एक माणूस आडवा सरकेल एवढी बोळ होती. तिने मागच्या चाकांखाली उजेड टाकला. तिथे काच होती. दळून पीठ झालेली, चाकाच्या भाराखाली चिरडलेली काच.

तिने दोन्हीकडच्या चाकांचे फोटो घेतले.

"काय सापडलं?" रसने पलीकडून विचारलं.

"काच," ती म्हणाली. परत येताना पट्ट्याच्या कडीपाशी, घोडीच्या अगदी टोकाला, तिला एक चष्मा पडलेला दिसला. जाड काळ्या फ्रेमचा. "हा कुणाचा?"

"टिबोरचा."

तिने चष्म्याचा फोटो घेतला.

*

क्रेन चालवणारा लमार पिटमन गप्पिष्ट होता. त्याला बोलतं करावं लागलं नाही.

"मी समोर, पलीकडच्या टोकाला होतो. आवाज ऐकला आणि वळलो. टिबोर खाली, वर काच. मारिसोल शेजारी पडलेली."

"सगळ्यात आधी कोण पोचलं?"

"कॅझ. कॅझ ग्रुडा. धावत आला आणि थेट घोडीच्या मागे गेला. मी पोचलो तर पोरगी काच बाजूला करत होती, नंतर तिनं मालाला बांधायचा पट्टा ओढला आणि टिबोरच्या मांडीला करकचून आवळला. हॉस्पिटलवाले म्हणाले, तेवढ्यानं वाचला. नाहीतर रक्तानंच गेला असता."

"कॅझ कोण?"

लमार हसला, पण लगेच ओशाळला. "टिबोरची पहिली बायको."

"काय?"

"आम्ही तसं म्हणतो हो. गंमत. टिबोर आणि कॅझ, कित्येक वर्षांची जोडी. एवढं मोठं तावदान दोघं असं उचलायचे, की जणू एकाच माणसाला चार हात आहेत. एकमेकांशी बोलायचेसुद्धा नाहीत. मग शरद संपता संपता टिबोरनं जोडी बदलली. स्वतः रसकडे जाऊन मारिसोलला मागून घेतलं. तेव्हापासून ती दुसरी बायको आणि कॅझ पहिली."

"कॅझला आवडते ही गंमत?"

"आधी हसायचा. आता नाही हसत." लमारने पेला फिरवला. "हल्ली तो सगळ्यांच्या आधी येतो. एकटाच कॉफी पीत बसतो. कुणाबरोबर जोडी लावली तरी टिकत नाही. भांडतो. पण बाई, तुम्ही त्या दिशेला जाऊ नका. जळफळाट शोधायचा तर टिबोरच्या बायकोचा शोधा. ज्युडिट. आज सकाळी डबा द्यायला आली होती तर मारिसोलकडं असं बघितलं, मी असतो तर तिथंच जळून गेलो असतो."

"ज्युडिट शेडमध्ये आली होती?"

"छे. फाटकापाशी. आत कुणाला सोडतात?"

*

मारिसोल जेवणाच्या खोलीत बसली होती. तिशीतली बाई, हातमोज्यांवर वाळलेलं रक्त. तिला हातमोजे काढायचं सुचलं नव्हतं.

"पट्टा कुणी सोडला?" इव्होनने विचारलं.

"मी."

"कुठे उभी होतीस?"

"टोकाला. कडीपाशी. नियमच आहे तो. सोडणाऱ्यानं टोकाला राहायचं, काचेसमोर कुणी उभं राहायचं नाही."

"आणि टिबोर?"

"तो..." ती अडखळली. "तो समोर होता."

"एवढा जुना माणूस. काचेसमोर?"

मारिसोल हातमोज्यावरचं रक्त खरवडू लागली.

"काल घोडी तूच लावलीस?"

"हो. नीट लावली होती. ब्रेक लावले, पट्टा आवळला, हलवून बघितली. टिबोरनंही बघितली. देवाशप्पथ सांगते बाई, काच मागे रेललेली होती."

"रस तुला काढणार आहे."

"माहितीय." तिने डोळे पुसायला उजवा हात उचलला आणि तोंड वाकडं करून खाली घेतला. मग डावा उचलला.

"खांद्याला काय झालं?"

"काही नाही."

*

कॅझ ग्रुडा उंच, रुंद, पांढऱ्या मिशांचा. शेडच्या दारात बर्फाकडे बघत उभा होता.

"तुम्ही सगळ्यात आधी पोचलात म्हणे."

"मग? माझा टिबोर खाली पडला होता."

"आणि तुम्ही घोडीच्या मागे गेलात."

"घोडी धरायला." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "एका बाजूची काच गेली की दुसरी बाजू येते अंगावर. पहिल्या दिवशी शिकवतात हे. मी मागून टेकू दिला नसता तर अजून चार जण गेले असते."

"समयसूचकता म्हणायची."

"सवय."

"काय झालं असेल, तुमच्या मते?"

"त्या पोरीला विचारा. काच ही पाठ करायची गोष्ट नाही, बाई. हातात मुरावी लागते. मी टिबोरला सांगितलं होतं, हिला कापायच्या टेबलावर ठेव, घोडीवर आणू नको. त्याला कौतुक होतं तिचं." कौतुक हा शब्द त्याने थुंकल्यासारखा टाकला. "मारिसोल लवकर शिकते. मारिसोलचा तोल बघ. मारिसोलनं आज एकदाही विचारलं नाही, कॅझ, स्वतःच काचेची चाल ओळखली. जेवतानाही तेच. मी ऐकत बसायचो."

"तुम्ही अजून एकत्र जेवता?"

"जेवत होतो." तो म्हणाला. "मग ती पण बसायला लागली."

*

हॉस्पिटलात टिबोर अजून शुद्धीवर नव्हता. ज्युडिट बाहेरच्या बाकावर ताठ बसली होती. मांडीवर नवऱ्याचा डबा. आतले कोबीचे भरलेले रोल तसेच.

"लोक म्हणतात, तुमचा मारिसोलवर राग आहे," इव्होन शेजारी बसत म्हणाली.

"लोकांना मी काय म्हणू? त्या बाईला दोन मुलं आहेत आणि नवरा आहे, मला दिसतं ते. रागाने बघितलं असेल. ती माझ्या नवऱ्याला हाक मारून हसते तेव्हा मला आवडत नाही. म्हणून मी काच पाडणार?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मत्सर म्हणजे काय ते मला विचारा." ज्युडिटने डब्याचं झाकण उगाच दाबलं. "लग्न झालं त्या दिवसापासून माझ्या घरात तिसरं माणूस आहे. कॅझ. रविवारी मासे धरायला कॅझ. माझ्या आईच्या दफनाला टिबोर उशिरा आला, कारण कॅझची गाडी बंद पडली होती. मला मूल झालं तेव्हा त्याने पहिला फोन कुणाला केला असेल? त्याचा खरा संसार कॅझबरोबर. मी स्वयंपाकाला. मारिसोल आली तेव्हा खरं सांगू? राग आला, आणि मजाही वाटली. म्हटलं, आता कळू दे त्यालाही."

"कुणाला?"

"कॅझला. दुसऱ्या कुणाला?"

"टिबोरनं जोडी का बदलली?"

"मला नाही सांगितलं. मला कधी काय सांगतो तो?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी इव्होन मारिसोलच्या घरी गेली. तिने दारातच विचारलं, "खांदा दाखवतेस?"

मारिसोलने स्वेटर बाजूला केला. खांदा काळानिळा पडला होता. तळव्याएवढा डाग.

"काचेने असा डाग पडत नाही," इव्होन म्हणाली. "हाताने पडतो. कुणीतरी जीव खाऊन ढकललं की. आणि टिबोरचा चष्मा मला टोकाला सापडला, कडीपाशी. पट्टा त्याने सोडला होता. काचेसमोर तू होतीस."

मारिसोलने स्वेटर पुन्हा खांद्यावर ओढला.

"एक चकती पडली होती," ती रडत म्हणाली. "कॉर्कची. काचेच्या पायाशी. त्या कधी पडत नाहीत, काचेच्या दाबानं घट्ट बसतात. मी उचलायला वाकले. टिबोरनं बघितलं नाही, त्यानं कडी सोडली. आणि लगेच म्हणाला, 'अरे, ही अशी सरळ का उभी आहे?' तेवढंच. मग त्याने उडी मारली. टोकाला होता तो, बाई. सुखरूप होता. पडणारी काच धरायची नाही, तिच्यासमोर जायचं नाही, त्यानंच शिकवलं मला. आणि तोच..."

"मग खोटं का बोललीस?"

"समोर उभी होते हे कळलं तर नोकरी जाते. मी सांगितलं, पट्टा मी सोडला. म्हटलं, तो शुद्धीवर आला की पाया पडेन त्याच्या."

इव्होनने तिचा कोट तिच्या हातात दिला. "चल. पाया नंतर पड."

*

दुपारी ती सगळ्यांना घेऊन दोरीपाशी उभी राहिली. रस, मारिसोल, लमार, कॅझ. थोडं मागे गणवेशातला एक पोलीस. रसने त्याला पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"अपघाताला पोलीस कशाला?"

"अपघात नाही म्हणून." इव्होनने टॉर्च काढला. "रस, तुमचं म्हणणं, घोडी कलंडली. ती कलंडली नाही, ती उभीच आहे. मग काच पुढे का पडली? ती मागे रेललेली होती. मारिसोलने रेलवून लावली, टिबोरने तपासली. पण काल सकाळी ती सरळ उभी होती. टिबोरने ते बघितलं, तेव्हा पट्टा सुटला होता. त्याच कारणाने कॉर्कची चकती आपोआप खाली पडली होती. काचेचा रेटाच गेला होता."

"पण काच सरळ होईल कशी?" लमारने विचारलं. "तिला कुणी हलवलं असतं तर क्रेन लागली असती. क्रेन माझ्याकडं आहे."

"काच नाही हलवली. घोडी हलवली. भिंतीकडची चाकं उचलली आणि त्या बाजूच्या आडव्या पट्टीखाली ठोकळा सरकवला. मूठभर उंच, तेवढा पुरतो. भिंतीकडची बाजू रिकामी होती, वजन सगळं इकडच्या अंगाला. पहार घातली तर एकटा माणूस ती बाजू उचलेल. अख्खी घोडी पुढे झुकली आणि तिच्यावरची काच सरळ झाली. मग तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरली. पट्टा."

"ठोकळा कुठाय?" रस म्हणाला. "मी तर नाही बघितला."

"तुम्ही पोचायच्या आत तो गेला होता. खाली वाका. पुढच्या चाकांखाली बघा."

रस वाकला. "स्वच्छ आहे."

"काच पडली तेव्हा ही चाकं जमिनीला टेकलेली होती. तुकडे सरकत आले आणि चाकांपाशी अडले. आता मागे जा."

रस बोळात गेला.

"पीठ झालंय," त्याचा आवाज आला. "चाकाखाली काचेचं पीठ झालंय."

"काच पडली तेव्हा मागची चाकं अधांतरी होती. भार ठोकळ्यावर. खालून तुकडे आत गेले. मग कुणीतरी ठोकळा ओढून काढला आणि चाकं त्या तुकड्यांवर बसली. काच पडल्यानंतर. माणसं धावत येत होती तेवढ्या वेळात. घोडी आता रिकामी होती, हाताने उचलण्यासारखी."

इव्होनने टॉर्च विझवला.

"ज्युडिट फाटकाबाहेर होती. रस ऑफिसात. लमार पलीकडच्या टोकाला. मारिसोल समोर जमिनीवर. घोडीच्या मागे एकच माणूस गेला, हल्ली सगळ्यांच्या आधी येणारा. का गेला ते त्याने स्वतः सांगितलं, दुसऱ्या बाजूची काच अंगावर येऊ नये म्हणून." ती वळली. "कॅझ, दुसऱ्या बाजूला काच नव्हतीच. ती बाजू आदल्या संध्याकाळी रिकामी झाली होती. तुम्ही धरत काय होता?"

कॅझने मिशांवरून हात फिरवला.

"मला वाटतं, तुम्हाला कुणाला इजा करायची नव्हती," इव्होन म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला नव्हता. "पट्टा सोडणारा टोकाला असतो, समोर कुणी नसतं. काच फुटली असती, मोठा माल गेला असता. घोडी मारिसोलने लावलेली. गडबडीत ठोकळा काढून टाकला की खापर तिच्यावर. ती गेली असती आणि टिबोरला पुन्हा जोडीदार लागला असता."

"कॅझ?" लमार म्हणाला. "अरे, बोल ना काहीतरी."

"तो माझ्याबरोबर जेवायचा," कॅझ म्हणाला. आवाज इतका बारीक, की पोलीस पुढे सरकला. "इतकी वर्षं. मी काय केलं होतं? एकदा तरी माझ्या हातून काच सुटली? एकदा? एक दिवस उठून म्हणतो, कॅझ, मी पोरीबरोबर काम करतो आता. कारण नाही, काही नाही. जुना बूट काढून ठेवावा तसा. आणि हे सगळे, पहिली बायको, पहिली बायको... हसतात. त्याला ऐकू जायचं. तो पण हसायचा."

"ठोकळा कुठे टाकलात?"

"मागे. पेट्यांच्या लाकडांत." त्याने मारिसोलकडे बोट केलं. "तू समोर कशाला गेलीस? समोर कुणी नसतं! तो टोकाला होता. त्याला काही झालं नसतं. तुझ्यासाठी उडी मारली त्याने. तुझ्यासाठी!"

"तुझ्यासाठीही मारली असती," मारिसोल म्हणाली.

"नसती."

"मग काल तू काय केलंस, कॅझ?" मारिसोल आता रडत नव्हती. "तो रक्तात पडला होता. मी ओरडत होते, कुणीतरी मांडी दाबा. मला तुझे बूट दिसले. घोडीच्या खालून, पलीकडे. मला वाटलं, हा येतोय. तू आला नाहीस. मी पट्टा आवळला तरी आला नाहीस."

कॅझने दोन्ही हात तोंडावर घेतले. एवढा मोठा माणूस, घोडीचा आधार घेत हळूहळू खाली बसला. पोलिसाने त्याला उठवलं तेव्हा तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, आधी ठोकळा काढला, आधी ठोकळा काढला. लमारने टोपी काढली आणि कशासाठी काढली हे न कळून परत घातली.

*

टिबोर शुद्धीवर आला त्या दुपारी इव्होन हॉस्पिटलात गेली. पाय वाचला होता. तो पुन्हा काच उचलणार नाही, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं आणि त्याने ते निमूट ऐकलं होतं. ज्युडिट खिडकीपाशी उभी होती. मारिसोल येऊन गेली होती, तिची फुलं उशाशी होती. ज्युडिटने ती पाण्यात ठेवली होती, एवढं इव्होनच्या लक्षात आलं.

"कॅझ आला नाही भेटायला," टिबोर म्हणाला. "आजारी आहे का?"

ज्युडिटने मान फिरवली. तिने सांगितलं नव्हतं.

इव्होनने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. टिबोर छताकडे बघत ऐकत राहिला.

"माझा हात," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

त्याने उजवा हात चादरीवर ठेवला. मूठ वळायचा प्रयत्न केला. दोन बोटं मिटली, बाकीची तशीच राहिली. "हे या अपघातातलं नाही. उन्हाळ्यापासून आहे. मुंग्या येतात आणि पकड सुटते. एकदा कॅझबरोबर मोठं तावदान नेत होतो. तो खालच्या बाजूला. माझी बोटं गेली. गुडघा लावून सावरलं मी, त्याला कळलंही नाही. त्या रात्री मला झोप नाही. पुढच्या वेळी काच त्याच्या मानेवर आली असती."

"म्हणून जोडी बदललीत."

"मारिसोलबरोबर मी नुसतं शिकवतो. लहान काच. जड असेल ते क्रेनने. तिला मी सांगून टाकलं होतं, माझ्या हातावर भरवसा ठेवू नको. कॅझला काय सांगणार? त्याने मला सोडलं नसतं. म्हणाला असता, चल रे, मी आहे ना. दोघांचं वजन एकट्याने घेतलं असतं आणि मेला असता." त्याने मिटलेली बोटं दुसऱ्या हाताने सरळ केली. "ते हसायचे तेव्हा मी पण हसायचो. मला वाटायचं, चिडला तर चिडू दे. चिडलेला माणूस दूर राहतो."

त्याने हात चादरीखाली घेतला.

"त्याला हे सांगू नका," टिबोर म्हणाला. "आधीच संपलाय तो. हे कळलं तर जगणार नाही."

"मी कुणाला काही सांगत नाही," इव्होन म्हणाली. "माझं काम झालं."

ती लिफ्टपाशी उभी असताना मागून पावलं वाजली. ज्युडिट. अंगात कोट, गळ्याशी बटणं लावलेली.

"मला विचारायचंय," ती म्हणाली. "कॅझला ठेवलंय तिथे भेटायला जाता येतं का?"

"येतं. दुपारी."

"घरचंच माणूस लागतं?"

"नाही. कुणीही चालतं."

ज्युडिटने मान डोलावली. लिफ्टचं दार उघडलं. इव्होन आत गेली, पण ज्युडिट तशीच उभी राहिली.

"उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. "मी त्याच्या शेजारी झोपते. सकाळी त्याच्या हातात कॉफी देते. मला माहीत नव्हतं. आणि कारण ऐकलंत ना तुम्ही? कॅझच्या मानेवर येईल म्हणून." ती हसली, पण ते हसणं अर्ध्यावरच थांबलं. "त्या माणसाला अजून वाटतंय, टिबोरनं त्याला टाकून दिलं."

"तुम्ही सांगणार त्याला?"

"मी नाही तर कोण सांगणार?" ज्युडिट म्हणाली, आणि लिफ्टमध्ये शिरून तिने स्वतःच तळमजल्याचं बटण दाबलं.